स्पोर्ट्स कारचे इलेक्ट्रिक स्टीअरिंग : स्पर्श, बिघाड आणि बोरघाट

पनवेलच्या वेशीवर, कळंबोलीला, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. सुरुवातीचा रस्ता रुंद, बराचसा सरळ आणि सिमेंट काँक्रीटचा आहे. भाताण आणि माडप हे बोगदे ओलांडून खालापूरचा टोलनाका मागे पडला की थोड्याच वेळात बोरघाटाची चढण लागते. सुटीच्या दिवशी पहाटे मुंबईहून निघणाऱ्या स्पोर्ट्स कारचा हा ठरलेला रस्ता. तासाभराच्या आत या रस्त्यावर गाडीच्या स्टीअरिंगची दोन अगदी वेगळ्या प्रकारची परीक्षा होते. सपाटीवर चाक मध्यावर शांत राहते की नाही, हे कळते. घाटात पुढच्या टायरचे काय चालले आहे ते चालकाच्या हाताला लागते की नाही, ते कळते. गेल्या तीन दशकांत स्पोर्ट्स कारमध्ये जे बदल झाले, त्यांतला सर्वांत जास्त वादग्रस्त ठरलेला बदल नेमका या दुसऱ्या परीक्षेशी निगडित आहे. तो म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टीअरिंग जाऊन त्याजागी विजेवर चालणारे स्टीअरिंग येणे.

जुन्या, म्हणजे हायड्रॉलिक, पद्धतीत इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप सतत फिरत असे. चालकाने चाक वळवले की तेलाचा दाब रॅकच्या एका बाजूला जाई आणि हाताचे श्रम कमी होत. गाडी सरळ चालली असली, तरी पंप इंजिनाची शक्ती खातच राही. विजेच्या पद्धतीत पंप नाही, तेल नाही, नळ्या नाहीत. स्टीअरिंगच्या दांड्यात एक बारीक पोलादी सळई असते, तिला टॉर्शन बार म्हणतात. चालकाने जोर लावला की ती किंचित पिळली जाते. हा पीळ एक सेन्सर मोजतो, गाडीचा वेग आणि चाकाचा कोन यांची माहिती घेऊन संगणक हिशेब करतो आणि त्या प्रमाणात विद्युत मोटर मदतीला येते. मदत लागत नाही तेव्हा मोटर जवळजवळ काहीच वीज घेत नाही. इंधनाची बचत होते ती इथे. शिवाय गाडी आपोआप पार्क करणे, मार्गिकेत राखणे अशा आजच्या सोयी या मोटरशिवाय शक्यच नाहीत. त्यामुळे कोणाला आवडो वा न आवडो, मागे फिरण्याची वाट बहुतेक कंपन्यांनी बंद केली आहे.

ही पद्धत मुळात स्पोर्ट्स कारसाठी जन्मली नव्हती. १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या चिमुकल्या गाडीत ती प्रथम आली. छोट्या इंजिनाला पंपाचे ओझे परवडत नव्हते, हे त्यामागचे साधे कारण. १९९० साली होंडाने आपल्या एनएसएक्स या स्पोर्ट्स कारच्या ऑटोमॅटिक गिअरच्या आवृत्तीत विजेचे स्टीअरिंग दिले. १९९९ च्या एस२००० मध्येही तेच होते. तरीही युरोपातील नामांकित कंपन्या बराच काळ तेलाला चिकटून राहिल्या. पोर्शने २०११ साली ९११ च्या नव्या पिढीत विजेचे स्टीअरिंग आणले तेव्हा जगभरच्या मोटार समीक्षकांत मोठीच खळबळ उडाली. फेरारीने तर २०१७ च्या ८१२ सुपरफास्टपर्यंत वाट पाहिली. मॅकलारेनने आपल्या सुपरकारमध्ये तेलाचा दाब कायम ठेवला, मात्र त्याचा पंप विजेवर फिरवला.

आपल्याकडे हा फरक समजून घ्यायला फार दूर जावे लागत नाही. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली आणि २०१५ साली बाजारात आलेली फियाटची अबार्थ पुंटो हायड्रॉलिक स्टीअरिंगची होती. जागेवर उभ्या गाडीत चाक वळवायला जड, पण वेग घेतल्यावर रस्त्याचा प्रत्येक उंचवटा सांगणारी. पुढच्याच वर्षी भारतात आलेल्या फोर्ड मस्टँगमध्ये विजेचे स्टीअरिंग होते आणि ते हलके, मध्यम की जड हवे हे चालकाला बटणाने ठरवता येई. या दोन गाड्या घाटात पाठोपाठ चालवणाऱ्याला पुस्तकी स्पष्टीकरणाची गरज पडत नाही.

स्टीअरिंगचा स्पर्श म्हणजे नेमके काय, याविषयी बोलणारे बरेच असतात आणि गल्लत करणारेही तितकेच. चाक जड असणे म्हणजे स्पर्श चांगला असणे नव्हे. वळणावर टायर थोडा तिरका चालतो आणि तो पुन्हा सरळ होऊ पाहतो. ही सरळ होण्याची ओढ रॅकमधून चालकाच्या तळव्यापर्यंत येते. वळण जसजसे तीव्र होते तशी ओढ वाढते. पण टायरची पकड संपण्याच्या थोडे आधीच ती कमी होऊ लागते. मुरलेल्या चालकाला चाक अचानक हलके झाल्याचे जाणवते आणि पुढचे टायर आता घसरणार, हे त्याला घसरण्यापूर्वी कळते. पावसाळ्यात पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागला तरी हीच खूण मिळते. थोडक्यात, ही ओढ म्हणजे चालकाला मिळणारी आगाऊ सूचना आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तेव्हा येथील रस्त्यांवर या सूचनेचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको.

विजेच्या स्टीअरिंगमध्ये ही सूचना दोन ठिकाणी अडते. पहिली अडचण घर्षणाची. मोटरची शक्ती दांड्याला किंवा रॅकला देण्यासाठी मळसूत्री दाते असलेले वर्म गिअर किंवा पट्टा आणि बॉल-नट लागतो. रस्त्याकडून येणारे बारीक धक्के आणि ओढीतले सूक्ष्म बदल या दात्यांच्या घर्षणातच जिरून जातात. दुसरी अडचण जडत्वाची. स्टीअरिंगचा दांडा एकदा फिरतो तेव्हा मोटर, समजा, वीस वेळा फिरते. अशा वेळी मोटरच्या फिरत्या भागाचे जडत्व चालकाच्या हाताला वीस पट नव्हे, तर वीसच्या वर्गाइतके, म्हणजे चारशे पट भासते. जड चक्र हातात धरून त्याच्या पलीकडे बोटाने वाजवलेली टिचकी ओळखायची, असा हा प्रकार. संगणक हे घर्षण आणि जडत्व हिशेबाने वजा करण्याचा प्रयत्न करतो. चाक मध्यावर परत यावे म्हणून मोटरकडून थोडा ढकलाही देतो. हा हिशेब उत्तम जमला तर चालकाला काही कमी पडल्यासारखे वाटत नाही. तो बिनसला तर चाक रबरी, कृत्रिम, खेळण्यातल्यासारखे वाटते.

मोटर कुठे बसवली आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. स्वस्त आणि लहान गाड्यांत ती डॅशबोर्डखाली, दांड्यावर असते. तिथे ती कोरडी राहते, पण रस्त्यापासून लांब पडते आणि मधल्या सांध्यांतून सगळा जोर जातो. महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये ती खाली रॅकला समांतर बसवतात. स्पर्श सुधारतो, मात्र मोटर, तिचा संगणक आणि जोडण्या पाण्याच्या व चिखलाच्या जवळ येतात. बर्फाच्या देशात बनलेल्या या रचनेला कोकणातला पाऊस झेलावा लागतो, तो याच ठिकाणी. ‘स्पोर्ट’ नावाच्या बटणाबद्दलही येथेच सांगून टाकायला हवे : ते दाबल्यावर मोटरची मदत कमी होते आणि चाक जड लागते, रस्त्याची माहिती काही वाढत नाही. अनेक चालक हे बटण एकदा दाबून पाहतात आणि नंतर विसरून जातात, ते योग्यच करतात.

बिघाडांकडे वळण्यापूर्वी एका गाडीची हकिकत पाहणे उपयोगाचे ठरेल. बीएमडब्ल्यूने २००२ साली झेड४ ही दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आणली. तिच्यात दांड्यावर बसवलेले विजेचे स्टीअरिंग होते. काही वर्षांतच अनेक देशांतील मालकांकडून एकसारखी तक्रार येऊ लागली. उन्हाळ्यात, गाडी तापलेली असताना, लांब सरळ रस्त्यावर चाक मध्यावर किंचित चिकटते. चालक बारीक दुरुस्ती करायला जातो तेव्हा चाक आधी हलत नाही आणि जोर वाढवला की एकदम सुटते. मग उलट दिशेची दुरुस्ती करावी लागते. गाडी नागमोडी चालल्यासारखी वाटते. थंडीत हाच दोष नाहीसा होतो. त्यामुळे सकाळच्या गारव्यात गाडी कार्यशाळेत नेली की तंत्रज्ञाला काहीच सापडत नसे. दिवा लागत नाही, संगणकात नोंद होत नाही, कारण विजेच्या दृष्टीने सारे काही ठीक असते. अडते ते यंत्राच्या दात्यांत.

हा दोष केवळ एका कंपनीचा किंवा एका काळाचा नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये दिसून आले. होंडाने अमेरिकेत सुमारे १७ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत सिव्हिकबरोबरच टाइप आर ही तिची वेगवान आवृत्तीही होती. वर्म चाक सदोष बनल्यामुळे उष्णतेने ते फुगून दाते घट्ट बसत होते आणि वंगण बाजूला सरकत होते. तक्रार तीच : सरळ रस्त्यावर चाक चिकटते. उपाय म्हणून वर्म गिअरची स्प्रिंग बदलून वंगण पुन्हा नीट पसरवायचे ठरले. म्हणजे बावीस वर्षांच्या अंतराने, संगणकाची ताकद कित्येक पटींनी वाढूनही, दुखणे एका प्लॅस्टिकच्या दातेरी चाकापाशीच येऊन थांबले. एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी कळंबोली ते खालापूर हा टप्पा पार करणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकाने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. संशय असल्यास गाडी तापलेली असतानाच, शक्य तर तंत्रज्ञाला शेजारी बसवून, दोष दाखवावा. काँक्रीटच्या रस्त्याच्या आडव्या सांध्यांमुळे चाकात येणारी तालबद्ध थरथर मात्र बिघाड नव्हे. उलट ती हाताला लागते आहे, याचा अर्थ घर्षण कमी आहे.

चिकटण्याची तक्रार आली की लगेच संपूर्ण रॅक किंवा दांडा बदलण्याचा सल्ला मिळतो. आयात गाडीच्या बाबतीत हा खर्च लाखांच्या घरात जाऊ शकतो आणि नवा भाग त्या गाडीच्या संगणकाशी जुळवून घेण्याचे काम वेगळे. त्याआधी साध्या गोष्टी तपासायला हव्यात. दांडा आणि रॅक यांच्यामध्ये असलेला युनिव्हर्सल जॉइंट गंजला तर चाकाच्या एका पूर्ण फेऱ्यात दोन ठिकाणी जडपणा येतो. वर्म गिअर किंवा रॅकच्या घर्षणाचा जडपणा असा ठरावीक जागी दोनदा येत नाही. पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून चाक हलकेच फिरवले तर हे पाच मिनिटांत कळते. टायरचा हवेचा दाब, चाकांचे अलाइनमेंट आणि मालकाने हौसेने बसवलेले रुंद रिम यांची चौकशीही आधीच करावी. रिम बाहेर काढणाऱ्या स्पेसरमुळे गाडी रस्त्यातल्या चाकोऱ्यांमागे धावू लागते आणि दोष मात्र स्टीअरिंगच्या माथी मारला जातो.

प्रत्यक्षात सर्वाधिक वेळा पेटणारा पिवळा दिवा स्टीअरिंगमुळे नसतो, तर बॅटरीमुळे असतो. जागेवर उभ्या गाडीत रुंद टायर वळवताना मोटर साठ ते शंभर अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकते. स्पोर्ट्स कार पावसाळाभर आच्छादनाखाली उभी असते, बॅटरी खचत जाते, गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी गाडी सुरू होते खरी. पण सोसायटीच्या अरुंद वाहनतळातून बाहेर काढताना दाब इतका खाली येतो की संगणक मदत कमी करतो किंवा थांबवतो. नवी बॅटरी बसवल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. वीजपुरवठा तुटल्यामुळे चाकाचा कोन मोजणारा सेन्सर आपला मध्य विसरतो आणि दिवा पुन्हा लागतो. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवले आणि थोडे अंतर सरळ चालवले की तो आपोआप विझतो. काहींना संगणकाने मध्य शिकवावा लागतो. अशा वेळी रॅक बदलण्याचे अंदाजपत्रक हातात पडले, तर मालकाने दुसरे मत घ्यावे.

उष्णतेचा आणखी एक परिणाम आहे आणि तो बिघाड म्हणता येणार नाही. अरुंद जागेत वारंवार पुढे-मागे करून गाडी लावली, चाक टोकाला नेऊन तसेच दाबून धरले, तर मोटर तापते. स्वतःला वाचवण्यासाठी संगणक मदत हळूहळू घटवतो. थोडा वेळ थांबले की सारे पूर्ववत होते.

पाण्याचे प्रकरण अधिक गंभीर आहे. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी भाते असतात. ते फाटले की पाणी आणि बारीक वाळू आत शिरते, पोलादी दांड्यावर गंज चढतो, पट्टा व बॉल-नट करकरू लागतात. गंजलेला रॅक स्वच्छ करून पुन्हा बसवण्याची मुभा बहुतेक कंपन्या देत नाहीत. तो बदलावाच लागतो. भाता मात्र किरकोळ किमतीचा असतो. पावसाळा संपल्यावर गाडी लिफ्टवर घेऊन दोन्ही भाते आणि मोटरची विजेची जोडणी पाहून घेणे, हा या सगळ्या लेखातील सर्वांत स्वस्त सल्ला ठरावा. जमिनीलगत बसणाऱ्या गाड्या साचलेल्या पाण्यातून नेण्याचा मोह तर टाळलेलाच बरा. पनवेलहून पळस्पे ओलांडून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली किती खोल आहे, हे कोणत्याही सेन्सरला कळत नाही.

गंजामुळे काय होऊ शकते याचे वेगळे उदाहरण टेस्लाच्या मॉडेल एस या गाडीचे आहे. स्टीअरिंगची मोटर धरून ठेवणारे बोल्ट थंड प्रदेशात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या क्षारांमुळे गंजत होते. २०१८ साली जगभरातील सुमारे १ लाख २३ हजार गाड्या त्यासाठी परत बोलावल्या गेल्या. जनरल मोटर्सने २०१० साली शेव्हर्ले कोबाल्ट आणि तिच्या भावंड गाड्या मिळून सुमारे १३ लाख गाड्यांच्या बाबतीत हेच पाऊल उचलले होते. तिथे चालत्या गाडीत विजेची मदत अचानक बंद पडत होती.

मदत बंद पडली तर गाडी ताब्यात राहते का, हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. राहते. चाक आणि रॅक यांचा लोखंडी संबंध तुटत नाही. मात्र जुन्या, बिनमदतीच्या गाडीसारखे ते चालवता येईल, ही समजूत चुकीची आहे. त्या गाड्यांचे टायर अरुंद असत आणि चाक टोकाहून टोकाला न्यायला जास्त फेरे लागत. आजच्या स्पोर्ट्स कारचे टायर रुंद, चाकाचे फेरे अडीचच्या आसपास आणि वर बंद पडलेली मोटरही हातानेच फिरवावी लागते. त्यातली खरी मेख अशी, की सरळ रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरने जाताना मदत मुळातच फार थोडी मिळत असते, त्यामुळे ती गेल्याचे हाताला कळत नाही. दिव्याकडे दुर्लक्ष झाले, तर ते कळते टोलनाक्याच्या रांगेत किंवा थेट बोरघाटाच्या वळणावर, आणि तिथे शेजारच्या मार्गिकेत कंटेनर असतो. म्हणून लाल दिवा लागल्यास घाटाच्या अलीकडेच, सुरक्षित जागा पाहून थांबावे. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर दिवा विझला तरी बिघाडाची नोंद संगणकात राहते; ती वाचून घेतल्याशिवाय घाट चढू नये.

भारतात सदोष वाहने परत बोलावण्याची पद्धत वाहन उद्योगाने २०१२ साली स्वेच्छेने सुरू केली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारला सक्तीने गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार मिळाला. स्टीअरिंगचे दोष आपल्याकडेही या वाटेने दुरुस्त झाले आहेत. मारुती सुझुकीने जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो व इको मिळून ८७,५९९ गाड्यांचे टाय रॉड तपासायला घेतले, तर ऑगस्ट २०२४ मध्ये २,५५५ अल्टो के१० गाड्यांच्या स्टीअरिंग गिअरबॉक्ससाठी सूचना काढली. दुरुस्ती होईपर्यंत त्या गाड्या चालवू नयेत, असेही मालकांना कळवले. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. त्यांतल्या पुष्कळ गाड्या तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे असतात, काही परदेशातून थेट आणलेल्या असतात, आणि कंपनीचे पत्र पहिल्याच मालकाच्या पत्त्यावर जाऊन पडते. जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने चॅसिस क्रमांक देऊन त्या गाडीवर कोणती दुरुस्ती बाकी आहे, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. आणि गाडीची चाचणी विक्रेत्याच्या सोयीने सकाळी सोसायटीच्या आवारात न घेता दुपारी, इंजिन पुरते तापल्यावर, मोकळ्या सरळ रस्त्यावर घ्यावी.